थोरलीला आत का घेतलं नाही?

अन्याय माझ्या आत्यावर झाला. गेल्या वर्षी माघी गणपतीनंतरच्या पहिल्या रविवारी, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी, अलिबागच्या पुढे रेवसच्या रस्त्यावर, एका बंगल्याच्या फाटकात. वेळ पक्की आहे. फाटकावरच्या रखवालदारानं ती वहीत लिहिली आणि मी त्या पानाचा फोटो काढून ठेवला. आत हिरवळीवर जुन्या मोटारींचा मेळावा भरला होता. बाहेर माझी आत्या होती. वय बहात्तर, अंगावर कडक इस्त्रीची सुती साडी, डोळ्यांवर वेल्डिंगवाल्याचा काळा चष्मा, आणि हाताखाली आजोबांची गाडी, जी तिनं आम्हा सगळ्यांना राबवून नऊ महिन्यांत चालती केली होती. गाडीला आत घेतलं नाही. कारण सांगितलं, वास.

याची लेखी तक्रार मी त्याच संध्याकाळी केली. चार ओळींची. उत्तर अजून यायचं आहे. पण चार ओळींत आत्या मावत नाही, म्हणून हे लांबलचक लिहिते आहे.

आत्या चालतानाही हात दाखवते. म्हणजे असं, की रेवदंड्याच्या बाजारातून जाताना मासळीच्या गल्लीत उजवीकडे वळायचं असेल तर ती आधी उजवा हात सरळ लांब करते, मागे एकदा बघते आणि मग वळते. डावीकडे जायचं असेल तर तोच उजवा हात हवेत गोल फिरवते. थांबायचं असेल तर हात वर. तिच्यामागे सायकली थांबतात, रिक्षा थांबतात, एकदा एक अख्खी वरात बँडसकट थांबलेली मी पाहिली आहे. चौलला एका लग्नात वाढपी जिलबीचं ताट घेऊन सुसाट येत होता, तर हिनं पानावरून पंजा खाली-वर हलवला. सावकाश. वाढप्यानं खरंच वेग कमी केला.

ही सवय गाडीची. आजोबांच्या गाडीला पुढे दोन मोठे दिवे होते, पण वळायची खूण करणारे दिवे नव्हते. ते काम चालवणाऱ्याच्या उजव्या हाताचं. लांब नाकाची, दोन्ही बाजूंना पायरी असलेली, कापडी छत मागे दुमडणारी विलायती गाडी होती ती. आजोबांनी ती मुंबईतल्या एका म्हाताऱ्या पारशाकडून घेतली आणि पडावात, म्हणजे मालाच्या मोठ्या होडीत, घालून खाडीतून आणली. मग वर्षानुवर्षं त्यांनी एकच काम केलं. भाऊच्या धक्क्यावरून लाँच रेवसला लागली की उतारू भरायचे आणि रेवदंड्यापर्यंत सोडायचे. शेजारी बसायची आत्या, परकर-पोलक्यातली. पायरीवर उभा राहायचा तिचा धाकटा भाऊ, म्हणजे माझे बाबा. ते ओरडून उतारू गोळा करायचे. आत्या गाडी चालवायला तिथेच शिकली. लोक आजोबांना म्हणायचे, पोरीला कशाला शिकवता. आजोबा म्हणायचे, पोराचा आवाज चांगला आहे, पोरीचा ब्रेक चांगला आहे.

आजीनं गाडीचं नाव ठेवलं थोरली. घरात सून यायच्या आधी ती आली म्हणून. पुढे माझी आई लग्न होऊन आली तेव्हा माप ओलांडल्यावर तिला आधी पडवीत नेलं आणि सांगितलं, थोरलीला कुंकू लाव. आईनं लावलं. त्या दिवसापासून आजतागायत ती गाडीला जाऊबाई म्हणते, आणि ज्या सुरात म्हणते तो सूर लिहून दाखवता येत नाही.

आजोबा गेले. धक्क्यावर रिक्षा आल्या. थोरली पडवीत उभी राहिली ती तीस वर्षं. कोंबड्या मागच्या सीटवर अंडी घालायच्या. आत्या गावातल्या मुलींच्या शाळेत शिवणकाम शिकवायची, तिथून निवृत्त झाली. लग्न केलं नाही. का, ते कुणी विचारलं तर म्हणायची, पुढची सीट भरलेली आहे. रोज सकाळी पडवीत जाऊन ती बॉनेटवर हात ठेवायची, ताप बघतात तसा.

आणि मग बाबांनी ठरवलं की गाडी द्यायची. एका रिसॉर्टवाल्याला दारात ठेवायला ती हवी होती. बॉनेट उघडून आत माती भरायची आणि जास्वंद लावायची, म्हणजे पाहुण्यांना फोटो काढता येतील. पडवीच्या जागी बाबा पर्यटकांसाठी खोली बांधणार होते. हे सगळं त्यांनी जेवताना सांगितलं. आत्या आमटी ओरपत होती. वाटी खाली ठेवून तिनं विचारलं, जास्वंद कुठल्या रंगाची. बाबा म्हणाले, लाल. आत्या म्हणाली, तिच्या रंगाला पांढरी शोभेल. एवढं बोलून ती उठली आणि पडवीत जाऊन गाडीत बसली, ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत खाली उतरली नाही. आईनं चहा तिथेच नेऊन दिला. जाऊबाईंना साखर किती, असंही विचारलं.

शेवटी बाबांनी अट घातली. पुढच्या माघात तो मेळावा भरेल. तिथल्या मंडळानं ही खरी जुनी गाडी म्हणून आत घेतली तर थोरली घरात राहील. नाहीतर कुंडी. आत्यानं हात वर केला. म्हणजे थांब, चर्चा संपली, मान्य.

त्या दिवशी अक्षय्य तृतीया होती. माघापर्यंत नऊ महिने. आई म्हणाली, नऊ महिन्यांत अख्खं माणूस होतं, ही तर मोटार.

आमच्या घरात मग आणीबाणी लागली. मी मोहिमांची माणूस आहे, शिस्त मला नवी नाही, पण आत्यासारखी संघटना मी कुठल्याच चळवळीत पाहिली नाही. पहिला नियम, गाडीला हात लावल्याशिवाय जेवण नाही. कुणीही ताटावर बसलं की ती विचारायची, आज काय केलंस. बाबांनी एकदा सांगितलं, मी तिच्याकडे बघितलं. त्यांना भात मिळाला, वर काही नाही. कामांची वाटणी ती माझ्या उरलेल्या पत्रकांच्या मागच्या बाजूला लिहायची. पुढे छापलेलं असायचं 'रेवस धक्क्यावर उतारूंना सावली मिळालीच पाहिजे', मागे तिच्या टपोऱ्या अक्षरात, 'नट घासणे: वहिनी. गाडी सुरू करायचा दांडा शोधणे: भाऊ. बडबड कमी करणे: तू.'

माझ्या पत्रकांबद्दल तिचं मत वाईट होतं. मी तिला वाचून दाखवायचे, ती डोळे मिटून ऐकायची आणि म्हणायची, शुद्धलेखन बरं आहे. एकदा मी चिडले. तेव्हा ती म्हणाली, "चिखलात रुतलेली गाडी हॉर्न वाजवून निघत नाही गं. खाली उतर आणि ढकल." आणि मला खरंच ढकलायला लावलं. पडवीतून अंगणात. मी, आई आणि बाबा. तीस वर्षांनी थोरलीनं ऊन पाहिलं आणि तिच्या मागच्या सीटमधून एक रागावलेली कोंबडी उडाली.

सुटे भाग फडताळात गेले. कार्बोरेटर बेसनाच्या डब्यात, कारण तो हवाबंद. बेसन कुठे गेलं हे आम्हाला दिवाळीला कळलं. स्क्रू मोहरीच्या डब्यात, आणि फोडणीत एकदा तडतड जरा जास्तच झाली. छत आत्यानं स्वतः शिवलं, होडीच्या शिडाला लावतात त्या जाड कापडाचं, पायाच्या मशीनवर. दोन सुया मोडल्या, तिसरीशी ती गोड बोलली.

खरी अडचण सांगाड्याची होती. पत्र्याच्या आत गाडीचा सांगाडा लाकडाचा असतो हे मला तेव्हा कळलं, आणि तो वाळवीनं खाल्लेला होता. मोटारीचं लाकूड दुरुस्त करणारा मिस्त्री मुंबईत शोधावा असं बाबा म्हणाले. आत्यानं हवेत हात गोल फिरवला, डावीकडे वळली आणि खाडीवर होड्या बांधणाऱ्या सुतारकाकांना घेऊन आली. त्यांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, वाकून पोट बघितलं आणि विचारलं, "पुढची बाजू कंची?"

त्यांनी काम केलं ते होडीचं. दुसरं त्यांना येत नव्हतं आणि येतं असं त्यांनी कधी म्हटलंही नाही. सागाच्या फळ्या वाकवल्या, बुडाच्या प्रत्येक फटीत कापूस ठासला, वरून राळेचा लेप दिला. आत्या शेजारी उभी राहून मान डोलवत होती. खारं पाणी उडून गाडी खालून सडते, तर खालून एक थेंब आत येता कामा नये, हे दोघांनाही इतकं पटलं होतं की वरून आत आलेलं पाणी जाणार कुठून, याचा त्यांनी विचारच केला नाही. छत तेव्हा मशीनवर होतं, म्हणजे गाडी वरून उघडी होती. आषाढात एका रात्री पडवीची कौलं सरकली. सकाळी आम्ही बघतो तर थोरली काठोकाठ भरलेली. सीटवर दोन बेडूक. आणि खाली जमीन कोरडी ठणठणीत.

सुतारकाकांना बोलावलं. ते वाकले, बुडाखालून हात फिरवला, कोरडा हात आम्हा सगळ्यांना दाखवला.

"बघा. थेंब न्हाय गळला."

आत्याच्या चेहऱ्यावर, मी शपथेवर सांगते, अभिमान होता. मग आई आतून पातेलं घेऊन आली, पदर खोचला आणि पाणी उपसायला लागली. उपसता उपसता म्हणाली, जाऊबाई आता मुंबईला लाँचशिवाय जातील. बाबा हसले. ते त्या गाडीपाशी हसलेले मी पहिल्यांदाच पाहिले.

बुडाला एक भोक पाडा, असं आत्यानं सांगितलं, तर सुतारकाका तेवढ्यावरून काम सोडून निघाले. होडीला भोक पाडणारा सुतार आपण न्हाय, म्हणाले. शेवटी ते पाठ करून उभे राहिले आणि आत्यानं गिरमिटानं स्वतः भोक पाडलं. त्याला बूच बसवलं. ते बूच आजही आहे.

पावसानंतर त्यांनी तेल आणलं. हे तेल म्हणजे मुशीचं. मुशी हा शार्कच्या जातीचा मासा, त्याच्या काळजाचं तेल काढतात आणि ते होडीला चोळतात. मग लाकडाला कीड लागत नाही, खारं पाणी धरत नाही. सुतारकाका म्हणाले, "दर्या लाकूडपन खातो, लोखंडपन खातो. दोघांना औषध येकच." आम्ही सगळ्यांनी बसून चोळलं. सांगाड्याला, बुडाला, चाकांच्या कमानींना आतून. पंधरा दिवस आमच्या घरी कुणी पाहुणा आला नाही. मांजरं मात्र आली. रेवदंड्यातली तर आलीच, खाडीपलीकडचीही आली असावीत, कारण त्यातली निम्मी कुणाच्या ओळखीची नव्हती. ती पडवीत ओळीनं बसायची आणि गाडीकडे भक्तिभावानं बघायची. गाडी पहिल्यांदा सुरू झाली तेव्हा तीनदा खोकली, एकदा मोठ्यानं फुटली आणि मग धडधडायला लागली. एकही मांजर हललं नाही. आत्या स्टिअरिंगवर डोकं टेकून बसली होती. मला वाटलं रडते आहे. जवळ गेले तर ती इंजिनाच्या सिलिंडरचे ठोके मोजत होती, एक दोन तीन चार, एक दोन तीन चार. "चारही आहेत," म्हणाली.

आरटीओची तपासणी झाली. कागद रीतसर आहेत, ज्याला बघायचे त्यानं यावं. तिथल्या साहेबांनी ब्रेक पाहिले, दिवे पाहिले, बुचाबद्दल विचारलं, उत्तर ऐकून विषय बदलला. जाताना एवढंच म्हणाले, की मांजरं गाडीबरोबर आहेत का.

आता तो रविवार. आम्ही पाच जण निघालो. आत्या चालवायला, शेजारी बाबा, मागे आई, मी आणि सुतारकाका. काका कोऱ्या टोपीत होते. चौल, नागाव, अक्षी, अलिबाग, सगळ्या वळणांवर आत्याचा हात. मेळाव्याच्या अर्जात मंडळानं विचारलं होतं, गाडीत मूळचं काय आणि बदललेलं काय. मी म्हटलं होतं, थोडक्यात लिही. आत्यानं सगळं लिहिलं. होडीचं साग, शिडाचं कापड, कापूस, राळ, बूच, मुशीचं तेल. शिवणीच्या वहीत जशी प्रत्येक टाक्याची नोंद करायला ती मुलींना लावायची तशी.

फाटकावर पांढऱ्या हातमोज्यातला एक मुलगा आला, मागे हटला, आणि मंडळाच्या एका ज्येष्ठ गृहस्थांना घेऊन परत आला. त्यांनी नाकाला रुमाल लावलेला होता. बोलायला मात्र अत्यंत सभ्य.

"मॅडम, गाडी गोड आहे. पण आत पाहुणे जेवणार आहेत."

मी इथे नमूद करते की त्या क्षणी आतून तळलेल्या सुरमईचा वास येत होता.

आत्यानं काळा चष्मा कपाळावर सरकवला. "जागा नाही, की वास नको? नीट सांगा."

"दोन्ही समजा."

"दोन्ही कसं समजू? त्यातलं एक खोटं असणार."

गृहस्थ म्हणाले की शिवाय हे काम शास्त्रशुद्ध नाही, ही मोटार राहिलेली नाही, हिची होडी झाली आहे. सुतारकाकांनी टोपी काढली आणि नमस्कार केला. त्यांना ती शाबासकी वाटली. मी खाली उतरून माझं भाषण सुरू करणार होते, मुद्दे तयार होते. पण आत्यानं हात वर केला, म्हणजे थांब, आणि मी थांबले. बाबा समोर बघत होते. मला दिसत होतं की अट त्यांनाही आठवते आहे, आणि ती आपणच घातली याची त्यांना लाज वाटते आहे, आणि तरी ते ती मागे घेणार नाहीत, कारण रिसॉर्टवाल्याला शब्द दिलेला आहे. जास्वंद. लाल.

आत्यानं गाडी मागे घेतली. फाटकाबाहेर आलो. डावीकडे घर होतं, उजवीकडे रेवस. तिनं उजवा हात लांब केला.

"ताई, घर तिकडे," बाबा म्हणाले.

"लाँचची वेळ झाली," आत्या म्हणाली.

रेवसच्या धक्क्यावर लाँच लागलेली होती आणि रिक्षा एकही नव्हती. सगळ्या मेळाव्याचे पाहुणे आणायला गेलेल्या. उन्हात उतारू उभे. सावली नाहीच, त्याबद्दल माझं पत्रक वेगळं आहे. भाऊच्या धक्क्यावरून मासळी विकून परतलेल्या दोन कोळणी रिकाम्या पाट्या घेऊन उभ्या होत्या. त्यातली थोरल्या वयाची गाडीजवळ आली, नाक वर करून वास घेतला आणि तिचा चेहरा उजळला.

"मुशीचं तेल हाय नं? ही तर आपल्या घरातलीच गाडी हाय." आणि विचारायच्या आधी पाटी आत ठेवून बसलीसुद्धा.

मग मी पाहिलं की बाबा पायरीवर उभे आहेत. कधी गेले कळलं नाही. पासष्ट पार केलेला माणूस, एका हातानं छताची पट्टी धरलेली, दुसरा हात तोंडाशी. आणि त्यांनी आवाज काढला. चौल, चौल, चौल, रेवदंडा. हा आवाज माझ्या घरात माझ्या वयाइतकी वर्षं राहत होता आणि मी तो ऐकलेला नव्हता. लाँचवरचा तांडेलसुद्धा वळून बघायला लागला. एक म्हातारा, काठी टेकत येणारा, रस्त्यात थांबला आणि म्हणाला, अरे, ही ती गाडी.

किती उतारू बसले ते लिहीत नाही, कारण वाहतुकीचे नियम मला पाठ आहेत. भाडं कुणाकडूनही घेतलं नाही. आम्ही तिघं जागा करून द्यायला खाली उतरलो, आणि एवढ्या वजनानं थोरली हलेना. आत्यानं मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी ढकललं. आईनं ढकललं, जाऊबाई जरा जोर लावा असं म्हणत. सुतारकाकांनी तर होडी पाण्यात लोटताना घालतात ती हाळी घातली, आणि ती ऐकून धक्क्यावरचे चारपाच खलाशी सवयीनं धावत आले. थोरली सुटली. आम्ही मागून तिच्या नावानं ओरडत होतो आणि बाबा पायरीवरून अजून उतारू बोलावत होते, जागा नखाएवढी नसताना.

पुढचं मला उतारूंनी सांगितलं. मेळाव्याच्या फाटकापाशी आत्यानं वेग कमी करायचा हात दाखवला, भोंगा एकदा वाजवला आणि तशीच पुढे गेली. आतले पाहुणे ताटं सोडून फोटो काढायला रस्त्यावर आले. त्यांच्या मागे बंगल्याची मांजरं.

संध्याकाळी बाबांनी रिसॉर्टवाल्याला फोन लावला. मी दाराआडून ऐकलं. "कुंडी दुसरी बघा," एवढंच म्हणाले आणि ठेवला. आत्या ताटावर बसली होती. तिनं त्यांना विचारलं, आज काय केलंस. बाबा म्हणाले, ओरडलो. तिनं स्वतःच्या हातानं त्यांना आमटी वाढली.

आता आत्याच्या डोळ्यांना कमी दिसतं. गाडी मी चालवते. ती डावीकडे बसते आणि त्या बाजूनं हात बाहेर काढून तिच्या खुणा देते, मी माझ्या देते, आणि आमच्यामागची वाहनं देवाचं नाव घेतात. दर रविवारी लाँचच्या वेळेला रेवसला असतो.

इथे हे लिखाण संपलं असतं. पण गेल्या आठवड्यात यंदाच्या मेळाव्याचे फलक लागले. अलिबाग स्टँडवर, नागावच्या नाक्यावर, आमच्या रेवदंड्यातही. वर मोठ्या अक्षरात कोकणचा वारसा, आणि खाली फोटो. थोरली. त्याच फाटकासमोरची. आत्याचा काळा चष्मा, पायरीवरचे बाबा, सगळं आहे. पुढचे-मागचे उतारू कापले आहेत, पाट्या कापल्या आहेत. आम्हाला विचारलं नाही. आमंत्रण नाही. मी धावत घरी जाऊन आत्याला फलकापाशी आणलं. तिनं जवळ जाऊन, नाक टेकेपर्यंत जवळ जाऊन, तो बघितला.

"छताची शिवण सरळ आली आहे," म्हणाली. मग थोड्या वेळानं, "मांजरं काढली गं."

तेव्हा तुम्हाला सांगते. हॉर्न माझा वाजवून झाला आहे, पुढचं काम तुमचं. मेळाव्याला जाणार असाल तर जा, पण फाटकावर थांबा. खिशातला रुमाल खिशात ठेवा आणि त्या सभ्य गृहस्थांना मोठ्यानं विचारा की फलकावरची गाडी आत कुठे उभी आहे. उत्तर मिळेपर्यंत आत पाऊल टाकू नका. आणि उत्तर मिळालं नाही, तर उजवा हात सरळ लांब करा, मागे एकदा बघा, आणि वळा. लाँचची वेळ झालेली असेल.